गूज की बदक? मोआ-नालोचं हाड वाचायचं कसं

हवाई बेटांवरच्या मोआ-नालोबद्दल, म्हणजे आता नामशेष झालेल्या बिनउडीच्या मोठ्या पक्ष्यांबद्दल, वाचायला गेलात की पहिल्याच फोटोत गोंधळ उडतो, कारण सांगाडा बघून कोणीही म्हणेल की हे जाडजूड गूज आहे (आपलं कानातलं गूज नव्हे, इंग्रजीतला goose, पाण्यावरचा पक्षी). नावात पण तेच, यांच्यातल्या एका गटाचं शास्त्रीय नाव थॅम्बेटोकेन, म्हणजे ग्रीकमधे ‘थक्क करणारं गूज’, ऑल्सन आणि वेटमोर या पक्षीशास्त्रज्ञांनी १९७६ मधे ठेवलेलं. आणि मोआ-नालो म्हणजे हवाईयन भाषेत ‘नाहीशी झालेली कोंबडी’, न्यूझीलंडच्या मोआ नावाच्या पक्ष्याशी काही संबंध नाही, तो घोळ आधीच डोक्यातून काढून टाका.

सुरुवात छातीच्या हाडापासून करा. चिकन आणलं की छातीच्या मधोमध जी उभी पट्टी लागते ना, होडीच्या तळासारखी, तिला उडायचे स्नायू चिकटतात. मोआ-नालोत ती पट्टी जवळजवळ गायब, हाड सपाट, पंखाची हाडं एवढीशी, आणि पाय मात्र दणकट. म्हणजे उडणं संपलं, चालणं वाढलं. वजन चार ते साडेसात किलोच्या आसपास. पण इथेच थांबलात तर फसाल, कारण बेटावर अडकलेला कुठलाही पक्षी असाच होऊ शकतो, जाड आणि बिनउडीचा, त्यामुळे आकारावरून नातं लावायचंच नाही.

मग चोच बघा. थॅम्बेटोकेनच्या चोचीच्या कडेला हाडाचे दातासारखे उंचवटे आहेत, खरे दात नाहीत ते, पानं खुडायला केलेली सोय आहे. हवाईतल्याच कवाई बेटावरच्या चेलिकेलिनेकेन या दुसऱ्या मोआ-नालोची तर चोच कासवासारखी उंच आणि बुटकी, नावाचा अर्थच कासवाच्या जबड्याचं गूज. माउईवरच्या गुहेत यांची वाळलेली विष्ठा सापडली आणि त्यात नेच्याची पानं निघाली. हवाईत चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता, मग गाईगुरांची जागा यांनीच घेतली म्हणायची.

आता खरी गंमत, आणि माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा. बदकांच्या बहुतेक जातीत नराच्या श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला, आवाज निघतो तिथे, हाडाचा एक पोकळ फुगा असतो. गूज आणि हंसात तो नसतो. मोआ-नालोच्या सांगाड्यांसोबत हे फुगे मिळाले! म्हणजे दिसायला गूज आणि गळ्यात बदक. पण ही खूण वापरताना एक लक्षात ठेवा, फुगा सापडला तर बदक, नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही, मादी असेल किंवा तो नाजूक तुकडा मातीत गेला असेल. पुढे १९९९ मधे हाडांतल्या डीएनएनेही तेच सांगितलं, हे पाण्यात शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांच्या घरातले. म्हणजे उजनीला भिगवणजवळ हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकदंब या गूजला हे दिसायला जवळचे वाटतील, पण नात्याने जवळचं त्याच पाण्यावरचं आपलं हळदी-कुंकू बदक. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन्ही पक्ष्यांचे फोटो शेजारी लावून पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

एवढं जमलं की नाव लावणं सोपं, फक्त बेट विचारा. कवाई असेल तर चेलिकेलिनेकेन क्वासस. ओआहू असेल तर थॅम्बेटोकेन झॅनिऑन. मोलोकाई असेल तर थॅम्बेटोकेन चौलिओडस. माउई आलं की जरा थांबा, तिथे चौलिओडस पण आहे आणि टायोकेन पाऊ पण, म्हणजे हाडं मोजूनच ठरवावं लागेल (पाऊ म्हणजे हवाईयनमधे ‘संपलं’, माणसं बेटांवर पोचल्यावर ही सगळी मंडळी संपलीच). आणि कोणी हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावरचं, म्हणजे बिग आयलंडवरचं जाडजूड हाड समोर ठेवलं तर मोआ-नालो म्हणूच नका, तिथे ते सापडलेलेच नाहीत, तिथला मोठा पक्षी नेनेच्या, म्हणजे हवाईत आजही असलेल्या गूजच्या, नात्यातला, म्हणजे तो खरंच गूज.