अतिवृष्टीचं अनुदान: पंचनाम्यापासून खात्यापर्यंत

रान पाण्याखाली गेलं की जीव पिकात अडकलेला असतो, कागद कुणाला आठवत नाहीत. पण अनुदान ठरतं ते पंचनाम्यात काय लिहिलंय त्यावर. म्हणून पाणी ओसरायच्या आत बांधावर जाऊन फोटो काढा. विहीर, मोठं झाड, शेजारचा गोठा अशी एखादी खूण त्यात दिसली पाहिजे. तारीख आणि ठिकाण उमटवणारं कॅमेरा ॲप मोबाइलमध्ये असेल तर उत्तमच.

त्याच दिवशी तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तुमच्या शिवारात धो धो कोसळला आणि मंडळाच्या पर्जन्यमापकावर कमी नोंदला गेला, तर हा अर्ज जास्तच महत्त्वाचा.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून येतात. त्या दिवशी दुसरं कितीही काम असलं तरी स्वतः शेतात उभे राहा. चावडीत बसून झालेल्या पंचनाम्यात गट नंबर चुकतात, क्षेत्र कमी लागतं, बागायत रानाचं जिरायत होतं. ही शेवटची चूक फार महागात पडते. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे हेक्टरी मदत जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहे. मर्यादा एरवी २ हेक्टरची. सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर राज्य सरकारने ती ३ हेक्टर केली होती. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद, केली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही आणि तिथूनच वाद सुरू होतो. पेरणी झाली की पाहणी उरकून घ्या.

जमीन खरडून गेली असेल तर ते पंचनाम्यात वेगळं लिहून घ्या. अल्पभूधारकाला त्यासाठी हेक्टरी ४७,००० रुपये आहेत. दुधाळ जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये मिळतात, पण पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहण्याआधी त्याला पुरू नका. कानातल्या बिल्ल्याचा फोटोही ठेवा.

पुढे गावाची यादी लागते. आपल्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक टिपून घ्या आणि आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी करा. २०२५च्या मदतीवेळी शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना यातून सूट मिळाली होती, त्यामुळे तो काढून ठेवलेला बरा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. खाती दोन-तीन असतील तर आधार नेमकं कशाला जोडलंय ते बँकेत विचारा. कित्येकांचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

सातबाऱ्यावर जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. भाऊ पुण्या-मुंबईला असेल तर दिवाळीची वाट बघू नका, आत्ताच सही मागवा.

यादीत नाव नसेल किंवा क्षेत्र चुकलं असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत फोटो, सातबारा आणि तलाठ्याकडची ती पोच जोडा. आणि बँकेने अनुदान कर्जखात्यात वळतं केलं तर गप्प बसू नका. तसं करू नये असे सरकारचे आदेश असतात. शाखेत लेखी तक्रार द्या, तिची प्रत तहसील कार्यालयात द्या.