पावसाळ्यातील गांडूळ खताचा डबा : आत काय घालावे, बाहेर काय ठेवावे

ठाणे आणि नवी मुंबईच्या इमारतींत गॅलरीत किंवा गच्चीवर गांडूळ खताचा डबा सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी आषाढापासून भाद्रपदापर्यंत लागते. उन्हाळ्यात डब्याला भीती असते ती उष्णतेची, कारण तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की आतली गांडुळे मरू लागतात. पावसाळ्यात पारा त्यांना मानवेल इतका उतरतो. पण हवाच इतकी दमट असते की डब्यात गेलेले पाणी आटायला वावच राहत नाही. या दिवसांत जठराग्नी मंद होतो असे मानून आपल्याकडे आहार हलका ठेवतात, आणि डब्यालाही तोच न्याय लावणे शहाणपणाचे ठरते. जो डबा मार्चमध्ये रोजचा वाडगाभर भाजीपाला सहज पचवत होता, त्याच डब्यात जुलैत तेवढाच माल घातला तर चौथ्या-पाचव्या दिवशी आंबूस वास येतो, चिलटे उठतात आणि गांडुळे झाकणाला चिकटलेली दिसतात.

‘हे चालते का, ते चालते का’ असे विचारणाऱ्यांना यादी हवी असते. यादीने काम भागते, पण अर्धेच. गांडुळाला दात नसतात. आपण टाकलेली दुधीची साल ते थेट खात नाही. आधी त्या सालीवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, साल मऊ पडते, आणि मग तो मऊ लगदा त्या सूक्ष्म जीवांसह गांडुळाच्या पोटात जातो. तिथे पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या पिशवीत, मातीच्या आणि वाळूच्या कणांनी त्याचे दळण होते. शिवाय गांडूळ ओलसर त्वचेतून श्वास घेते. त्यामुळे कोणताही पदार्थ डब्यात घालण्यापूर्वी तो हवा खेळती ठेवून कुजेल की चिकट गोळा होऊन आंबेल, आणि त्यातले मीठ, तेल किंवा तिखट त्या उघड्या त्वचेला लागेल का, एवढेच पाहायचे असते. या कसोटीवर बहुतेक जिन्नसांचा निकाल घरच्या घरी लावता येतो.

कच्च्या भाजीची साले, देठ, निवडलेल्या पालेभाजीच्या काड्या, केळीची साल, पपईची साल, कलिंगडाचा पांढरा भाग, फुटलेल्या कणसाची वरची पाने आणि रेशीम हे सगळे उत्तम खाद्य आहे. पावसाळ्यात अडचण येते ती या मालातल्या पाण्याची. काकडी, दुधी, कोबी, अळूचे देठ यांच्यात पाण्याशिवाय फारसे काही नसते, आणि कोबीची बाहेरची जाड पाने एकावर एक बसली की मधली हवा पूर्ण कोंडते. मी स्वतः पहिल्याच पावसाळ्यात मंडईतून फुकट मिळालेली पिशवीभर कोबीची पाने हौसेने डब्यात कोंबली होती. आठवड्याने त्या थराखाली काळा, नासलेल्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल सापडला आणि निम्मी गांडुळे गेली. म्हणून असा माल अंगठ्याच्या पेराएवढा चिरावा, वर्तमानपत्रावर पसरून एक रात्र पंख्याखाली ठेवावा आणि मरगळल्यावरच डब्यात घालावा. जांभळी नाक्याच्या बाजारात जून-जुलैत शेवळे, टाकळा, फोडशी, कुर्डू अशा रानभाज्या येतात. त्यांच्या निवडणीतून निघणारा पाला आणि देठ याच रीतीने सुकवून वापरता येतात. मुळांना लागलेली माती झटकून टाकण्याची गरज नाही, तिचे कण पेषणीला उपयोगीच पडतात.

आंबा-फणसाचा हंगाम सरता सरता घराघरांत साली आणि कोयी उरलेल्या असतात. आंब्याची साल थोडी थोडी चालते, मात्र ती गोड असल्यामुळे उघडी राहिली की चिलटे हमखास येतात. ती नेहमी आतल्या थरात पुरावी. कोय वर्षभर तशीच राहते, तिने फक्त जागा अडते. फणसाची गरे काढल्यावर उरणारी जाड चारखंडे कुजण्यास फार वेळ घेतात, आणि आठळ्या तर उलट रुजतात. घरगुती डबा मोठ्या ढिगासारखा तापत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. टोमॅटो, मिरची, पपई आणि भोपळ्याची रोपे पुढे खतातून उगवताना दिसली तर आश्चर्य वाटू नये. याच कारणाने भुरी, करपा किंवा मर लागलेल्या झाडाची पाने आणि मुळे डब्यात घालू नयेत, कारण रोगही खतावाटे परत कुंडीत येऊ शकतो.

लिंबू आणि मोसंबीच्या साली, कांदा-लसणाची टरफले व अननसाचे काप यांबाबत अनेक जण फार कठोर असतात. लिंबाच्या सालीतील तेल आणि आम्लता गांडुळाला सोसत नाही हे खरे आहे. पण आठवड्यातून लिंबाची एखादी फोड चुकून गेली तर डबा बिघडत नाही. सरबताच्या दिवशी निघालेली दहा-बारा लिंबांची साले एकदम टाकली तर मात्र बिघडतो. कांद्याची कोरडी टरफले निरुपद्रवी असतात, सडलेला ओला कांदा त्रास देतो. (चातुर्मास पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न चार महिने आपोआपच मिटतो.) मिरच्यांचे देठ चालतील, मूठभर सडक्या मिरच्या नकोत.

सर्वांत जास्त घोळ शिजवलेल्या अन्नाबाबत होतो. वास्तविक अन्न शिजल्याने गांडुळांचे काही बिघडत नाही. बिघडते ते फोडणीने. आपल्या स्वयंपाकात मीठ, तेल, तिखट आणि चिंच-कोकमाचा आंबटपणा एकत्र असतो. मीठ गांडुळाच्या शरीरातले पाणी ओढून घेते आणि तेलाच्या थराने गादीतली, म्हणजे गांडुळे राहतात त्या ओलसर थरातली, हवा कोंडते. त्यामुळे उरलेली भाजी, आमटी, लोणचे, पापड, वेफर, चिवडा आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी यांपैकी काहीही डब्यात जाऊ नये. अळणी भात किंवा शिळी पोळी अगदी थोड्या प्रमाणात, हाताने कुस्करून आणि पातळ पसरून घालता येते. भाताचा गोळा तसाच टाकला तर तो आंबतो. दूध, दही, ताक, पनीर आणि मांस-मासळी पूर्ण वर्ज्य समजावी. मासेमारी बंद असण्याच्या काळात अनेक घरांत सुकट, बोंबील, जवळा यांवर भागवले जाते, आणि ‘सुकी आहे, वास येणार नाही’ असे म्हणून त्यांची डोकी-शेपट्या डब्यात टाकण्याचा मोह होतो. सुक्या मासळीत मुरलेले मीठ ताज्या मासळीपेक्षाही अधिक घातक असते, आणि तिच्या वासाने घुशी व चिचुंद्री येतात ते वेगळेच. कोलंबीची टरफले आणि मासे धुतलेले पाणीही बाहेरच ठेवावे. प्रथिनांचा असा माल डब्यात सडून आंबला की गांडुळांचे अंग जागोजागी फुगून मण्यांच्या माळेसारखे दिसू लागते. ही खूण दिसताच अन्न बंद करून कुजका भाग काढून टाकावा.

चहाचा चोथा चांगला, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो, म्हणून चोथा गाळणीतच नळाखाली धुऊन, पिळून मगच घालावा. चहाच्या काही पुड्यांच्या (टी-बॅगच्या) जाळीत प्लास्टिक असते. पुडी फाडून आतली भुकटी तेवढी घ्यावी. अंड्यांची टरफले वाळवून, मिक्सरमध्ये बारीक पूड करून पंधरवड्यातून चमचा-दोन चमचे भुरभुरावीत. त्यामुळे आम्लता हळूहळू कमी होते आणि दळणासाठी खरखरीत कणही मिळतात. सबंध टरफले टाकण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात ओल्या मालाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष कोरड्या मालाकडे द्यावे लागते. उन्हाळ्यात एक वाटी ओल्या कचऱ्याला एक वाटी कोरडे पुरते; आता दीड ते दोन वाट्या लागतात. खरे तर सुका पाला फेब्रुवारी ते मे या पानगळीच्या महिन्यांत पोत्यात भरून ठेवायचा असतो. तो राहून गेला असल्यास हताश होण्याचे कारण नाही, कारण घरपोच सामानाच्या खोक्यांचा तपकिरी पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे आणि काळ्या शाईचे वर्तमानपत्र ही सामग्री प्रत्येक घरात आहे. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढून त्याचे बोटभर रुंदीचे तुकडे करावेत. गुळगुळीत रंगीत कागद, दुकानांची बिले आणि चहाचे कागदी कप यांचा यात समावेश नाही, कारण बिलांच्या कागदावर रसायनांचा लेप असतो आणि कपांना आतून प्लास्टिकचे अस्तर असते. ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेल्या पिशव्याही घरगुती डब्यात विरघळत नाहीत. त्यांना लागणारी उष्णता मोठ्या प्रकल्पातच मिळते. लाकडाचा भुसा कच्च्या लाकडाचा असेल तरच घ्यावा, प्लायवुडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नको. नारळी पौर्णिमेनंतर घरात नारळाच्या शेंड्या भरपूर साठतात. त्या मोकळ्या करून खालच्या थरात घातल्या की पाणी निचरते आणि हवा खेळती राहते. करवंटी मात्र टाकू नये. विकतचे कोकोपीट वापरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांत धुवावे, कारण त्यात अनेकदा मिठाचा अंश असतो.

ओलावा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी यंत्र नको. गादीतला मूठभर माल घट्ट पिळावा; एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर त्या दिवशी अन्न न घालता फक्त पुठ्ठा मिसळावा.

गणेशोत्सवात डब्यावर सर्वांत मोठा भार येतो तो निर्माल्याचा. दहा दिवसांचे हार, दूर्वा आणि पत्री घरच्या छोट्या डब्यात पेलणारी नसते, हे आधीच मान्य करावे. थोडे घालायचे असेल तर हारातला दोरा, जर, थर्माकोलचे मणी आणि प्लास्टिकची फुले निगुतीने वेगळी काढावीत, गुलाल-शेंदूर लागलेले भाग बाजूला ठेवावेत आणि पाकळ्या सुट्या करून सुकवाव्यात. विकतच्या फुलांवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. त्यामुळे एका वेळी मुठीपेक्षा जास्त नको. दूर्वांबाबत विशेष काळजी घ्यावी : तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, आणि ओली जुडी डब्यात गेली की महिनाभरात खताऐवजी हरळीचे वाफे तयार होतात. ती कडकडीत वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नये. पत्रीपैकी कण्हेर, धोतरा आणि रुई या विषारी वनस्पती घरच्या डब्यात घालू नयेत. ती पत्री आणि उरलेले निर्माल्य महापालिकेने तलावांच्या काठी ठेवलेल्या निर्माल्य कलशात द्यावे. मोदकाची उकड, पंचामृत आणि तुपाच्या वाती यांना वरचा शिजवलेल्या अन्नाचाच नियम लागू होतो.

काही गोष्टी आपण घालत नाही, तरी त्या डब्यात पोहोचतात. डासांसाठी सोसायटीत धुराची फवारणी होते, घरात झुरळांचे औषध मारले जाते, गॅलरी फिनेलने धुतली जाते. या प्रत्येक वेळी डबा घरात घ्यावा किंवा झाकण घट्ट लावून वर जाड कापड टाकावे आणि धूर विरल्यावर उघडावा. मुंग्या येऊ नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. पण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, हे लक्षात घेता त्या वाट्यांत साबणाचे पाणी भरून ते दर तीन दिवसांनी बदलावे. मुंग्यांचा खडू डब्याजवळ ओढू नये. शिवाय डब्यात मुंग्या होणे याचा अर्थ गादी कुठेतरी कोरडी पडली आहे किंवा गोड पदार्थ उघडा राहिला आहे, असाही असतो.

शेण मिळत असेल तर ते पंधरा-वीस दिवस जुने, वास आणि ऊब गेलेले असावे. जनावराला नुकतेच जंतनाशक दिले असल्यास तबेल्यातून ते शेण आणू नये. कुत्र्या-मांजरांची विष्ठा कधीही घालू नये. तसेच पावसात रस्त्यावर आणि बागेत वर आलेली गांडुळे उचलून डब्यात सोडण्याची हौस टाळावी. डब्यात वाढणारी ‘आयसेनिया फेटिडा’ किंवा ‘युड्रिलस युजेनी’ ही पृष्ठभागावरच्या कुजक्या पाल्यात राहणारी जात आहे, तर बाहेरची बरीचशी गांडुळे मातीत खोल बिळे करून राहणारी असतात. ती डब्यात टिकत नाहीत. त्यांना जवळच्या झाडाच्या बुंध्याशी सोडावे.

किती घालावे याचा हिशेब गांडुळांच्या वजनावरून करावा. रुळलेल्या डब्यात अर्धा किलो गांडुळे दिवसाला साधारण पाव किलोपर्यंत माल संपवतात. पावसाळ्यात त्याच्या निम्म्यावर थांबावे आणि आधीचा घास ओळखू येईनासा झाल्याशिवाय पुढचा देऊ नये. माल एका कोपऱ्यात पुरावा, वर दोन बोटे कोरडा थर द्यावा, पुढच्या वेळी दुसरा कोपरा घ्यावा. तळातून निथळणारे तपकिरी पाणी व्हर्मीवॉश (तयार गांडूळ खतातून निथळवलेले खतपाणी) नव्हे, ते अर्धवट कुजलेल्या मालाचा पाझर असतो. दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांना द्यावा, कोथिंबीर-पुदिन्यावर शिंपडू नये.

घटस्थापनेच्या सुमारास पाऊस ओसरला की खत काढण्यास घ्यावे. आठवडाभर आधी नवे अन्न फक्त डब्याच्या एका बाजूस द्यावे, म्हणजे गांडुळे तिकडे सरकतात आणि दुसऱ्या बाजूचे काळे, चहाच्या भुकटीसारखे मोकळे खत हाताने उचलता येते. लिंबाच्या बीपेक्षाही लहान, पिवळसर गोळ्या दिसल्यास ते गांडुळांचे कोष समजावेत आणि त्यांच्यासह दोन मुठी जुना माल परत डब्यात टाकावा. ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यावर कोरड्या मालाचे प्रमाण पुन्हा एकास एक करावे आणि पिळून थेंब न आल्यास पाण्याचा हलका शिपका द्यावा.