हरलेल्या चमूचा पुढचा डाव: टेहळणीची बैठक कशी चालवावी

"मावशी, आता संपलंच ना सगळं?" मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी माझ्या भाचीनं हे विचारलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक अंतराळयान एका ओसाड ग्रहावर उतरून बंद पडलं होतं. इंधन मिळवायला म्हणून चमूनं लुटारूंच्या तळावर धडक मारली आणि सपाटून मार खाल्ला. गाडी गेली, रेडिओचा खांब मोडला, पायलटच्या मांडीत गोळी. पायलट म्हणजे माझी भाची.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोल-प्लेइंग गेममध्ये पट किंवा सोंगट्या लागतातच असं नाही. सूत्रधार जगाचं वर्णन करतो, प्रत्येक भिडू आपल्या पात्राच्या वतीनं 'मी काय करतो' ते सांगतो आणि निकाल नक्की नसेल तिथे फासे टाकायचे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून, म्हणजे १९७४ पासून, हा प्रकार छापील नियमांसह मिळू लागला. १९७७ मध्ये आलेल्या 'ट्रॅव्हलर'नं तो अंतराळात नेला, तोही साध्या सहा बाजूंच्या दोन फाशांवर. ल्युडोच्या डब्यातले फासे चालतात. आम्ही तेच वापरतो.

हरल्यानंतरची बैठक सगळ्यात अवघड. भिडूंना लगेच सूड हवा असतो आणि सूत्रधाराला त्यांची दया येते. दोन्ही गोष्टी खेळाला मारक आहेत. सावरायचं, मोजायचं, मग लपून बघून यायचं, अशी एक अख्खी बैठक द्यायलाच हवी. ती कशी चालवायची ते सांगते.

पहिली पायरी: हार बोलून घ्या

फासे डब्यातच ठेवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मागच्या डावात काय झालं ते भिडूंनीच सांगायचं, आपापल्या पात्राच्या तोंडून. यानाच्या आत, दिवे मंद, सगळे जमिनीवर बसलेत, असं वर्णन करा आणि गप्प बसा.

यात एक अट कडक पाळा: कुणी कुणाला 'तुझ्यामुळे झालं' म्हणायचं नाही. वाक्य 'आपल्याला माहीत नव्हतं की...' असंच सुरू व्हायला हवं. आमच्याकडे शेजारचे काका डॉक्टरचं पात्र खेळतात. ते पहिल्यांदा म्हणाले, "आपल्याला माहीत नव्हतं की तळाला मागूनही दार आहे." मग भाचा म्हणाला, "आपल्याला माहीत नव्हतं की ते रात्री जागे असतात." मी प्रत्येक वाक्य एका कागदावर उतरवत गेले. सात वाक्यं झाली. तो कागद जपून ठेवा, पुढची सगळी टेहळणी त्याच्यावरच उभी राहते.

दुसरी पायरी: शिल्लक मोजा

इथे खऱ्या यानाचा दाखला उपयोगी पडतो. चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो १३ यानावर ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा अमेरिकेत १३ एप्रिल १९७० ची रात्र होती, आपल्याकडे १४ ची सकाळ. लव्हेल, स्वायगर्ट आणि हेज हे तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या छोट्या यानात सरकले. ते यान दोन माणसांसाठी, जेमतेम दोन दिवसांचं. त्यात तिघांना जवळजवळ चार दिवस काढायचे होते. आपल्याला वाटेल, आधी हवा संपणार. हिशेब केला तेव्हा कळलं की ऑक्सिजन पुरतोय, खरी टंचाई पाण्याची आहे, कारण यंत्रं थंड ठेवायलाही पाणीच लागत होतं. दर माणशी दिवसाला पाऊण पेल्याच्या आसपास पाण्यावर त्यांनी दिवस काढले. वीज वाचवायला जवळपास सगळं बंद केलं आणि आतलं तापमान तीन अंशांपर्यंत उतरलं.

म्हणून आधी काय संपणार हे भिडूंना सांगू नका, त्यांना मोजू द्या. कागदावर चार रकाने आखा: हवा, पाणी, वीज, औषधं. प्रत्येकाखाली किती दिवस पुरेल तो आकडा लिहा. आकडे आधीच ठरवून ठेवा आणि त्यातला एकच टोचणारा असू द्या. आमच्या डावात हवा नऊ दिवसांची, वीज सहा दिवसांची आणि पाणी फक्त चार दिवसांचं होतं.

मग एक वाटी घ्या. जितके दिवस शिल्लक तितके राजम्याचे दाणे तिच्यात टाका. खेळातला एक दिवस सरला की एक दाणा उचलून टेबलावर ठेवायचा, तोही भिडूंनीच. चार दाण्यांच्या वाटीतला पहिला दाणा भाचीनं उचलला. उरलेले तीन तिनं बोटानं सारखे केले आणि मग कुणी काही सांगायच्या आत म्हणाली, "पाणी त्या लोकांकडे असेल." तिथे बैठक खऱ्या अर्थानं सुरू झाली. आकडा कागदावर वाचून असं होत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय.

तिसरी पायरी: जखमीला बसवून ठेवू नका

ज्याचं पात्र जखमी आहे त्या भिडूला अख्खा रविवार नुसतं ऐकत बसवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा हरवणं. नकाशा, वेळेची नोंद, रेडिओवरचे इशारे ही कामं त्याच्याकडे द्या. बाहेर गेलेल्यांना परत बोलावायचा अधिकारही त्याचाच. आमच्या पायलटनं हा अधिकार एकदाच वापरला, पण बरोबर वापरला.

चौथी पायरी: प्रश्न ठरवा, मग माणसं पाठवा

'जाऊन बघून येतो' ही टेहळणी नव्हे. पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा आणि त्यातून तीनच प्रश्न निवडायला लावा. उत्तर कळल्यावर आपण काहीतरी वेगळं करणार असू, तोच प्रश्न कामाचा. 'शत्रू किती आहेत?' हा प्रश्न ऐकायला मोठा, पण पंधरा कळले काय आणि अठरा कळले काय, योजना तीच राहते. 'पाण्याच्या टाकीवर पहाटे किती जण असतात?' याचं उत्तर दोन असेल तर एक योजना, सहा असतील तर दुसरी.

तीनच्या वर प्रश्न घेऊ देऊ नका. भिडू हट्ट करतील, तरीही नाही. कोणता प्रश्न सोडायचा यावरून जी वादावादी होते तिच्यातच चमू पुन्हा एक होतो.

पाचवी पायरी: ग्रह आधी ठरवा, कारण नजर किती लांब जाणार हे त्यावर आहे

बहुतेक सूत्रधार इथे घाई करतात आणि बैठकीची सगळी गंमत घालवतात. ग्रह केवढा आहे, यावर क्षितिज किती लांब ते ठरतं. पृथ्वीवर सपाट मैदानात उभ्या माणसाची नजर साधारण पावणेपाच किलोमीटरपर्यंत जाते, त्यापुढची जमीन वळून खाली जाते. मंगळाची त्रिज्या सुमारे ३,३९० किलोमीटर, पृथ्वीच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिथे तोच माणूस जेमतेम साडेतीन किलोमीटर पाहू शकेल. चंद्रावर तर अडीचसुद्धा नाही.

हिशेब सोपा आहे. मंगळाएवढ्या ग्रहासाठी डोळ्याची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.६ ने गुणा. किलोमीटरमध्ये उत्तर मिळतं. शंभर मीटर उंचीच्या टेकाडावर चढलात तर वर्गमूळ दहा, म्हणजे २६ किलोमीटर. हा आकडा भिडूंसमोर ठेवला की ते आपोआप उंच जागा शोधू लागतात. मग दुसरी बाजू दाखवा: टेकाडाच्या माथ्यावर उभा माणूस आभाळासमोर काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. त्यामुळे माथ्याच्या थोडं अलीकडे, पोटावर सरपटत जावं लागतं. साधा रेडिओही क्षितिजापलीकडे सरळ पोहोचत नाही, म्हणून मध्ये एक माणूस ठेवायचा की नाही, हाही निर्णय आला.

थंडी विसरू नका. मंगळाच्या विषुववृत्ताजवळही रात्री पारा उणे सत्तरच्या आसपास जातो. अशा थंडीत ऊबदार पोशाखातला माणूस उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दिव्यासारखा उठून दिसतो. अंधार त्याला लपवत नाही, मध्ये खडक असेल तरच तो लपतो. हे माझ्या भाच्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा त्यानं रात्री जायचा बेत रद्द केला आणि दुपारी, दगड तापलेले असताना जायचं ठरवलं. मला हे सुचलं नव्हतं.

नकाशा मात्र सूत्रधारानं काढायचा नाही. तुम्ही तोंडी सांगा, भिडू काढतील. चुकीचा काढला तरी हात लावू नका, पात्रांना जेवढं कळलं तेवढंच नकाशात असतं.

सहावी पायरी: फासे असे टाका की रिकाम्या हातानं कुणी परतणार नाही

टेहळणीत सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे 'तुम्हाला काही दिसत नाही'. अर्धा तास आखणी करून भिडूला हे ऐकावं लागलं तर पुढच्या वेळी तो आखणीच करणार नाही. म्हणून दानाचा अर्थ बदला. माहिती मिळणारच, तिची किंमत काय ते फासे ठरवतील.

दोन फासे टाकून बेरीज करा. सहा किंवा कमी आली तर एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण शत्रूला तुमचा माग लागला. सात ते नऊ आली तर दोन उत्तरं मिळाली आणि काहीतरी गमवावं लागलं: वेळ, दुर्बीण किंवा परतीची वाट. दहा किंवा वर आली तर तिन्ही उत्तरं, तीही कुणाला सुगावा न लागता. फाशांच्या ३६ शक्यतांपैकी पहिल्या गटात १५ येतात, दुसऱ्यात १५ आणि तिसऱ्यात फक्त ६. म्हणजे सहा वेळांपैकी पाच वेळा काहीतरी मोजावं लागणार. चांगल्या आखणीला एक-दोन गुण जास्तीचे द्या. दुपारी जायच्या कल्पनेला मी दोन दिले होते.

आणि कधीही खोटं सांगू नका. सूत्रधारानं टेहळणीतली माहितीच चुकीची दिली तर भिडू पुन्हा विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. मात्र अर्थ सांगू नका, दिसलं तेवढंच सांगा. मी म्हटलं होतं: "तळाकडे जाणाऱ्या चाकांचे ठसे खोल आहेत, बाहेर येणारे उथळ." टेबलावर मिनिटभर शांतता. मग काका हळूच म्हणाले, "म्हणजे भरून आणतात आणि रिकामे जातात. पाणी तळावर नाहीच, बाहेरून कुठून तरी येतंय." एका वाक्यात सगळी योजना फिरली. तळावर हल्ला करायची गरजच उरली नाही, पाण्याच्या गाडीची वाट शोधायची होती.

सातवी पायरी: शत्रू कोण हे पक्कं समजू नका

५ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर वासिली लाझारेव आणि ओलेग माकारोव यांचं सोयुझ यान उड्डाणातच बिघडलं आणि अल्ताई पर्वतात बर्फाच्या उतारावर उतरलं. कुपी कड्याकडे घसरत गेली, पॅराशूट अडकलं म्हणून वाचले. पण आपण कुठल्या देशात आहोत हेच त्यांना कळेना. चीनमध्ये उतरलो असू तर, या भीतीनं लाझारेवनं एका लष्करी प्रयोगाची कागदपत्रं जाळून टाकली. प्रत्यक्षात ते आपल्याच देशात होते.

हा प्रसंग मी भिडूंना सांगते आणि मग विचारते: बाहेर पडण्याआधी तुम्ही काय नष्ट कराल? पकडले गेलात तर काय सापडता कामा नये? नकाशा, यानाची जागा, पाण्याचा हिशेब? या एका प्रश्नावर आमची वीस मिनिटं गेली आणि ती मला त्या दिवसातली सगळ्यात चांगली वीस मिनिटं वाटतात. शेवटी कप्तानानं नकाशा पाठ केला आणि फाडला. खरोखर फाडला, टेबलावर.

शत्रू म्हणजे बंदूकवालाच असंही नाही. मार्च १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव आणि पावेल बेल्यायेव परतताना ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, तैगाच्या, म्हणजे रशियातल्या थंड प्रदेशातल्या दाट जंगलात उतरले. दोन रात्री कडाक्याची थंडी, आणि आसपास लांडग्या-अस्वलांचा मुलूख. पुढे सोयुझच्या सामानात तीन नळ्यांचं खास पिस्तूल दिलं जाऊ लागलं, ते अशाच प्रसंगांसाठी. तुमच्या ग्रहावरही थंडी, वाळूचं वादळ किंवा संपत आलेली बॅटरी यांना शत्रूंच्या यादीत जागा द्या.

आठवी पायरी: लढाईच्या आधी थांबा

टेहळे परतले, उत्तरं टेबलावर आली, चमूनं योजना ठरवली, की बैठक तिथेच थांबवा. सात वाजलेत, अजून तासभर खेळता येईल, भिडू हातापाया पडतील. तरी नको. पात्रांचे कागद गोळा करा, शिल्लक आकडे पेन्सिलीनं लिहून घ्या, पहिल्या पायरीतला 'माहीत नव्हतं'चा कागद काढून ज्या ओळींची उत्तरं मिळाली त्या भिडूंकडूनच खोडून घ्या. आमच्या सातपैकी चार खोडल्या गेल्या.

राजम्याची वाटी मी फ्रिजवर ठेवून दिली. त्यात दोन दाणे उरलेत. भाची रोज फोन करून विचारते, कुणी हात तर नाही ना लावला.