गर्भातील संप्रेरके आणि बोटांची लांबी: या विषयावर प्रबंध करू पाहणाऱ्यांसाठी
गर्भात टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके (अँड्रोजेन) अधिक असतील तर अनामिका तर्जनीच्या मानाने लांब होते आणि तर्जनी भागिले अनामिका हे गुणोत्तर कमी येते, असे मानले जाते. मानववंशशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीचे गुणोत्तर हा विषय घेतला, तेव्हा दोन बोटे मोजण्याचे काम दोन आठवड्यांत आटोपेल अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात मोजमापाला हात बसायलाच दोन महिने लागले. बोटाच्या बुडाशी पुष्कळदा दोन घड्या असतात. त्यांतील तळहाताला लागून असलेल्या घडीच्या मध्यापासून टोकापर्यंत मोजायचे आणि व्हर्नियर कॅलिपरचा जबडा टोकाच्या मऊ मांसात रुतू द्यायचा नाही. बोट ७० मिलिमीटरचे असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने गुणोत्तर सुमारे ०.००७ने सरकते, आणि स्त्री-पुरुषांच्या सरासरींतला फरकच मुळी ०.०१ ते ०.०२च्या आसपास असतो. मी काही हात झेरॉक्सवरून मोजले होते. काचेवर टोके दाबली जाऊन गुणोत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी येते, हे उशिरा वाचनात आले आणि ते सारे हात पुन्हा मोजावे लागले. म्हणून पद्धत एकच ठेवा आणि पहिला आकडा न पाहता प्रत्येक हात दोनदा मोजा.

वाचनाची सुरुवात मात्र बोटांपासून करू नये. १९५९ साली फीनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा त्यांच्या मादी पिल्लांचे प्रौढपणीचे लैंगिक वर्तन नराकडे झुकलेले आढळले. माणसावर असा प्रयोग करता येत नाही. म्हणून जन्मजात स्थितींकडे पाहावे लागते. कन्जेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या जन्मजात विकारामध्ये बहुतेक वेळा २१-हायड्रॉक्सिलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेमुळे गर्भातच अँड्रोजेन वाढते. अशा मुलींचा कल सरासरीने गाड्यांसारख्या खेळण्यांकडे अधिक दिसतो, तरीही त्यांतील बहुसंख्य स्वतःला मुलगीच मानतात. याउलट अँड्रोजेनला पूर्ण असंवेदनशीलता असेल, तर एक्सवाय गुणसूत्रे असून आणि टेस्टोस्टेरॉन तयार होत असूनही पेशींतील ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा संदेश स्वीकारणारे रेणू, काम करत नाहीत, आणि शरीराची बाह्य घडण स्त्रीची होते. या दोन स्थिती शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा मला कळले की संप्रेरक किती आहे याइतकेच ऊती त्याला प्रतिसाद देतात की नाही हेही महत्त्वाचे असते.

त्या मानाने बोटांचे गुणोत्तर हा क्षीण पुरावा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. उंदरांच्या गर्भात अँड्रोजेन आणि इस्ट्रोजेन यांच्या तोलाने चौथ्या बोटाची वाढ बदलते, हे २०११मध्ये दाखवले गेले. पण माणसांत स्त्री आणि पुरुष या दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका हातावरून काहीच ठरत नाही. मोजणी चालू असताना पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने हात पुढे करून हळूच विचारले, "ताई, माझी अनामिका लांब आहे, म्हणजे माझ्यात काही कमी आहे का?" तिच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून मी कॅलिपर खाली ठेवला आणि आधी तिच्याशी बोलले. त्या दिवसापासून संमतिपत्रात मी एक वाक्य वाढवले, आणि ते प्रत्येकाला मोजणीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवले: या मोजमापावरून कोणाही एका व्यक्तीचा स्वभाव, क्षमता किंवा लैंगिकता सांगता येत नाही.