देणगी मागायला निघण्याआधी

आधी हिशोब, मग आवाहन. मुलांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या उपक्रमाचा हिशोब ‘एक जोडी, एक वर्ष’ असा मांडा; जोडी म्हणजे एक मूल आणि त्याचा मार्गदर्शक. त्यात मार्गदर्शकाची पूर्वचौकशी, प्रशिक्षण, येण्याजाण्याचा खर्च, विमा आणि मुख्य म्हणजे समन्वयकाचा पगार धरा. हा पगार संकोचापोटी ‘इतर खर्चा’त ढकलला जातो, तसं करू नका. ‘या आठवड्यात भेट झाली का? मुलगा गप्प होता की बोलला?’ असं फोन करून विचारणारं कोणी नसेल, तर जोड्या बघता बघता विरून जातात.

वर्षाचाच आग्रह का, हे देणगीदार विचारतील. उत्तर तयार ठेवा. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या जोड्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झालेला दिसला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मसन्मान उलट घटला. तेव्हा वीस जोड्या ठरवल्या असतील आणि पैसे आठांचेच जमले, तर आठच सुरू करा. बाकीच्यांना थांबायला सांगणं जड जातं, पण तेच बरं.

नोंदणीपत्र, लेखापरीक्षण झालेले हिशोब, संस्थेच्या नावाचं बँक खातं, बालसुरक्षा धोरण हे सगळं एका फाइलमध्ये हाताशी असू द्या.

मागणीची सुरुवात घरातून करा. विश्वस्तांनी आधी स्वतः द्यावं, कारण ‘तुम्ही काय दिलंत?’ हा प्रश्न येतोच. मग जुने स्वयंसेवक, ओळखीची माणसं आणि त्यानंतर कंपन्या, प्रतिष्ठानं. मोठ्या संस्थांच्या निर्णयाला महिने लागतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर पुढच्या महिन्याचा पगार ठेवू नका.

पत्रकात फोटो टाकायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. त्याला मंचावर उभं करून घरची दुःखं सांगायला लावणं तर अजिबात नको, मग त्याने झोळी कितीही भरो.

पावतीचा नमुना आणि आभारपत्राचा मसुदा आवाहनाआधीच तयार हवा. नकार देणाऱ्यांचीही वही ठेवा: कोण, कारण काय, पुन्हा कधी विचारा म्हणाले.