एक्स विंडो सिस्टीम कंपाइल करताना येणाऱ्या सॉकेटच्या त्रुटी

सोलारिस या युनिक्स प्रणालीच्या जुन्या आवृत्तीवर एक्स विंडो सिस्टीम (युनिक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली) मूळ सोर्सपासून बांधताना 'सॉकेट', 'कनेक्ट' किंवा 'गेटहोस्टबायनेम' हे सिम्बॉल (नेटवर्क जोडणीच्या फंक्शनांची नावे) सापडत नाहीत असा संदेश आला, तर केबल किंवा फायरवॉल तपासण्यात वेळ घालवू नये. तक्रार लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले भाग आणि लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामची असते, नेटवर्कचा तोवर संबंधही आलेला नसतो.

१९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीमध्ये सॉकेटची फंक्शने सी लायब्ररीतूनच मिळत आणि लिनक्सवरही तीच सोय आहे. सिस्टीम फाइव्ह रिलीज ४ या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेच्या वंशातील सोलारिसमध्ये मात्र 'सॉकेट' आणि 'कनेक्ट' ही फंक्शने लिबसॉकेटमध्ये, तर नावावरून पत्ता शोधणारे 'गेटहोस्टबायनेम' लिबएनएसएलमध्ये ठेवलेले होते. त्यामुळे लिनक्सवर विनातक्रार चालणारी मेकफाइल (बांधणीचे आदेश असलेली फाइल) येथे अडते.

या दोन्ही लायब्ररी लिंकच्या आदेशात जोडाव्यात, आणि त्याही एक्स११ लायब्ररीच्या नंतर. स्टॅटिक लायब्ररी डावीकडून उजवीकडे वाचल्या जात असल्याने, ज्या फंक्शनची गरज अद्याप कोणी नोंदवलेलीच नाही ते लिंकर उचलत नाही. लायब्ररी लिहूनही तोच संदेश कायम राहिला, तर बहुधा क्रमच चुकलेला असतो. तयार झालेल्या मेकफाइलमध्ये हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जातो. म्हणून २००५ च्या एक्स११आर७ पासूनच्या सुट्या मोड्यूलसाठी कॉन्फिगर ही प्रणाली तपासून मेकफाइल बनवणारी स्क्रिप्ट चालवतानाच 'लिब्स' या चलातून या लायब्ररी कळवाव्यात, तर आयमेक या मेकफाइल बनवणाऱ्या जुन्या साधनावर चालणाऱ्या आधीच्या आवृत्त्यांत त्या त्या प्रणालीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत नोंदवाव्यात. कॉन्फिगरने केलेली चाचणी नेमकी कशामुळे फसली हे त्याच्या लॉग फाइलीत सविस्तर मिळते. अनेक जण ती उघडतच नाहीत.

हेडर फाइल (फंक्शनांच्या घोषणा असलेली फाइल) सापडत नसेल, तर लायब्ररी जोडून काहीही साधणार नाही. तेथे सिस्टीमची डेव्हलपमेंट पॅकेजे किंवा एक्सट्रान्स हे एक्सचे नेटवर्क जोडणीचे मोड्यूल बसवलेले नसते.

एक्स सर्व्हर (पडदा सांभाळणारा मुख्य प्रोग्राम) बांधून झाला, पण सुरू करताना ऐकण्यासाठी एकही सॉकेट उघडता आले नाही असे तो सांगू लागला, तर त्याच डिस्प्ले क्रमांकावर दुसरा सर्व्हर आधीपासून चालू आहे का हे प्रथम पाहावे. तसा नसल्यास टेम्प डिरेक्टरीतील जुनी लॉक फाइल काढावी आणि तेथील एक्स११-युनिक्स या छुप्या डिरेक्टरीचा मालक रूट व परवानगी १७७७ (सर्वांना लिहिता येईल, पण दुसऱ्याची फाइल काढता येणार नाही) आहे याची खात्री करावी. टीसीपी पोर्टचा क्रमांक ६००० मध्ये डिस्प्ले क्रमांक मिळवून येतो. मात्र एक्सऑर्ग सर्व्हर १.१७ पासून टीसीपीवर ऐकणे मुळातच बंद ठेवलेले असल्याने, ते पोर्ट उत्तर देत नाही एवढ्यावरून पुन्हा कंपाइल करायला बसू नये.