फाइल फिरवू नका: ऑफिसातल्या शेअरिंगच्या या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीत मी कॉम्प्युटरचं खातं सांभाळतो. पदाचं नाव भारदस्त आहे, पण दिवसातला निम्मा वेळ 'सर, रेटशीट उघडंना झालंय' या फोनमागे जातो. कारखाना आणि हेड ऑफिस सोलापुरात, मार्केटिंगची माणसं पुण्यात, बायर परदेशात. इतक्या वर्षांत आमची फाइल कुणा हॅकरने पळवली, असं एकदाही झालेलं नाही. जे बिघडलं ते आमच्याच हातून. आणि बहुतेक वेळा मुळाशी एकच खोड सापडली: फाइल माणसाकडे पाठवायची. माणसाला फाइलपाशी आणलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

लपवलेला कॉलम

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. आमच्या कॉस्टिंग शीटमध्ये सूत, डाईंग, मजुरी, पॅकिंग असे कॉलम आणि शेवटी मार्जिन. मार्केटिंगच्या एका मुलाने मधले कॉलम 'हाइड' केले, वरून शीटला पासवर्ड लावला आणि एक्सेल जशीच्या तशी एजंटाला मेल केली. दुसऱ्या दिवशी एजंटाचा फोन: "साहेब, पीसमागं एवढं ठेवता होय? मग दोन रुपये कमी करा की ओ."

त्याने काही जादू केली नव्हती. शीटला लावलेला पासवर्ड चुकून होणारे बदल थांबवण्यापुरता असतो. अख्खी शीट सिलेक्ट करून नव्या फाइलमध्ये पेस्ट केली की लपलेले कॉलमही सोबत येतात, आणि तिथे 'अनहाइड' करायला कुणाची परवानगी लागत नाही. गुगल शीट्समध्येही तेच: फक्त बघण्याचा हक्क असलेल्याला कॉपी करण्याची मुभा असेल, तर तो स्वतःची प्रत काढून लपवलेली शीट उघडू शकतो. फाइल उघडतानाच विचारला जाणारा पासवर्ड ही वेगळी गोष्ट आहे, तो खरंच फाइल एन्क्रिप्ट करतो, म्हणजे आतला मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद करतो. पण बाहेर दर पाठवायचे असतील तर सरळ पीडीएफ करा, किंवा नवी फाइल उघडून फक्त आकडे पेस्ट करा, फॉर्म्युले नकोत. आमच्याकडे आता कॉस्टिंगचं फोल्डर वेगळं आणि कोटेशनचं वेगळं. पुण्याच्या मंडळींना पहिलं दिसतच नाही.

लिंक कुणाकुणाकडे गेली?

घाईत असलेला माणूस लिंक देताना 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडतो, कारण समोरून 'ॲक्सेस मागतंय' असा फोन परत येत नाही. मग ती लिंक व्हॉट्सॲपवर चालू लागते. तपासायची सोपी युक्ती: ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा, जिथे आपलं लॉगिन नसतं, आणि लिंक टाका. लॉगिन न मागता फाइल उघडली तर ती गावात सगळ्यांना उघडी आहे. नाव घालून, म्हणजे समोरच्याच्या ईमेलवरच, शेअर करा. ऑफिसच्या सशुल्क खात्यात ॲक्सेसला मुदत घालता येते, ती घाला. आणि गुगल ड्राइव्हमध्ये ज्याला 'एडिटर' केलं तो आपल्या मर्जीने आणखी चार जणांना आत घेऊ शकतो, हे लक्षात ठेवा. शेअरिंगच्या चौकटीतल्या चाकाच्या चिन्हात ही मुभा काढून टाकायची खूण असते, ती फारसं कुणी बघत नाही.

'फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे'

आषाढीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. पॅकिंग लिस्ट दुपारपर्यंत जायची होती आणि सर्व्हरवरची फाइल फक्त वाचण्यापुरती उघडत होती. मेसेजमध्ये नाव होतं 'एडमिन'. आता एडमिन म्हणजे मी, आणि माझ्याकडे तर फाइल उघडी नव्हती! शोधल्यावर कळलं, एक्सेल या मेसेजमध्ये ऑफिसच्या सेटिंगमध्ये घातलेलं नाव दाखवतं, आणि विक्रेत्याने चाळीसही मशिनांवर एकच नाव टाकून दिलेलं. शेवटी सर्व्हरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडलं, 'शेअर्ड फोल्डर्स'मधल्या 'ओपन फाइल्स'मध्ये पाहिलं, तर फाइल डिस्पॅचच्या लॉगिनने धरलेली होती. तिथला गडी पीसी चालू ठेवून सकाळच्या एसटीने पंढरपूरला गेलेला.

तर असं झालं की पहिल्यांदा त्या 'ओपन फाइल्स'च्या यादीत बघा. ज्याच्याकडे फाइल उघडी आहे त्याने सेव्ह केलं का, हे विचारूनच तिथून बंद करा, नाहीतर त्याचं काम जाईल. वीज गेल्यामुळे मशिन अचानक बंद पडलं असेल, तर कधीकधी फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल मागे राहते. खरंच कुणाकडे फाइल उघडी नसेल तर ती डिलीट केली की कुलूप सुटतं. आणि त्याच दिवशी प्रत्येक मशिनवर माणसाचं खरं नाव घाला. हे पाच मिनिटांचं काम मी तीन वर्षं टाळलं होतं.

हा त्रास मुळातून घालवायचा असेल तर अशी फाइल वनड्राइव्ह, शेअरपॉइंट किंवा गुगल शीट्समध्ये न्या. तिथे दोघांनी एकाच वेळी लिहिलं तरी चालतं. फक्त जुन्या .xls फाइलवर एक्सेलमध्ये असं एकत्र काम होत नाही, आधी .xlsx म्हणून सेव्ह करावी लागते. असं केलं की 'रेट_फायनल', 'रेट_फायनल_नवीन' आणि 'रेट_फायनल_नवीन_हेच_वापरा' ही भावंडंही जन्माला येत नाहीत, कारण जुनी आवृत्ती हवी असेल तर ती व्हर्जन हिस्टरीत सापडते. गुगल ड्राइव्हवर टाकलेल्या एक्सेल-पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या मात्र साधारण ३० दिवसच राहतात. एखादी जपायची असेल तर तिच्यावर 'कायम ठेवा' अशी खूण करावी लागते.

परवानगी दिली, तरी उघडत नाही

विंडोज सर्व्हरवर एखाद्याला परवानगीच्या ग्रुपमध्ये घातलं आणि तरी 'ॲक्सेस डिनाइड' येत असेल, तर त्याला लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. नवा ग्रुप पुढच्या लॉगिनलाच लागू होतो. तरी अडलं, तर शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी दोन्ही बघा. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यातली जी कडक असेल तीच लागते. तिसरं कारण हळूच छळतं: त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात 'मूव्ह' केलेली फाइल जुन्या परवानग्या अंगावर घेऊनच जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या मिळतात. वैतागून 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' देणारे मी पाहिले आहेत. मीही दिलंय एकदा. परत काढायला सहा महिने लागले.

माणूस पुण्याला गेला, फाइल त्याच्यासोबत

सोलापुरातली पोरं दोन-तीन वर्षं शिकून पुण्याला जातात, त्यात नवल नाही. नवल हे की डिझाइनच्या फाइल त्यांच्या खासगी जीमेलच्या ड्राइव्हवर असतात. तिथे कंपनीचा काही हक्क चालत नाही, फक्त विनंती चालते. कामाच्या फाइल गुगल वर्कस्पेसच्या (गुगलचं ऑफिससाठीचं सशुल्क खातं) शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा, तिथे मालकी संस्थेची असते. माणूस सोडून जाताना खातं लगेच डिलीट करू नका. आधी सस्पेंड करा, मग फाइलची मालकी दुसऱ्याकडे द्या. गुगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, त्यानंतर हात चोळत बसायचं. आणि पाच जणांत एक लॉगिन, ओटीपी मालकांच्या फोनवर, ही पद्धत जिथे असेल तिथे फाइल कुणी उडवली ते कुठलाच लॉग सांगू शकणार नाही.

जुने मराठी फॉन्ट

कामगारांच्या नोटिसा, सुट्ट्यांचे तक्ते अजून कित्येक ठिकाणी श्री-लिपी किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते गुगल डॉक्समध्ये उघडले की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. तिच्या पोटात मराठी अक्षरं कधी नव्हतीच, फॉन्ट फक्त ती तशी दाखवत होता. युनिकोडमध्ये (सगळ्या मशिनांवर मराठी मराठीच राहते ती पद्धत) रूपांतर करा आणि मग जोडाक्षरं, रफार, आकडे एकदा डोळ्यांनी तपासा. पगाराच्या तक्त्यात तर नक्कीच.

सिंक चालू आहे, म्हणून निर्धास्त

सिंक, म्हणजे कॉम्प्युटरवरची फाइल आपोआप ऑनलाइनही तशीच ठेवणं, हा आरसा आहे. इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडते. रॅन्समवेअरने (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एन्क्रिप्ट केलेल्या फाइलही तितक्याच इमानाने वर जातात. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर, हा जुना हिशोब अजून खरा आहे. त्यातली एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दुरून ऑफिसचा पीसी चालवण्याची सोय) ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडलं असेल तर आज बंद करा आणि व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता, लावा. तरीही हल्ला झालाच, तर २०२२च्या निर्देशांनुसार सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवायचं असतं. ते सहा तास फोन नंबर शोधण्यात जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे सर्व्हरच्या खोलीत कागदच चिकटवलाय.

बॅकअप आहे, एवढ्यावर मी आता विसंबत नाही. गड्ड्याच्या यात्रेसाठी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी, ऑफिस बंद व्हायच्या आदल्या दिवशी तीन फाइल परत आणून बघतो. यंदा दोन उघडल्या. तिसऱ्या फाइलचा बॅकअप ज्या डिस्कवर होता, तिची केबल सैल होती आणि आठवडाभर तिच्यावर काहीच लिहिलं गेलं नव्हतं.